रद्दी, मिल आणि कोळसा: कागदाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शाळेच्या खरेदीबद्दल लिहिताना मी एका ओळीत म्हटलं होतं की जमलं तर रिसायकल कागदाच्या वह्या घ्या. त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम कागदालाच देऊन टाकलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते कापलेत, राग मानू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. मी कित्येक वर्षं घरातली रद्दी नीट बांधून देते, पेपर वेगळे, पुठ्ठे वेगळे. आता मुलगा इंजिनिअरिंगला गेला तर म्हणतो, आई तुझा हा सगळा खटाटोप फुकट आहे, रिसायकल कागदाने उलट कार्बन जास्त निघतो, तसा रिसर्च आहे. खरं का हे?
– एक काकू, धरमपेठ

उत्तर: काकू, रिसर्च आहे, पोरगा थापा नाही मारत. २०२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आणि अमेरिकेतल्या येलच्या संशोधकांनी जगभरच्या कागदाचा हिशोब मांडला आणि त्यात असं निघालं की नुसतं रिसायकलिंग वाढवत नेलं आणि बाकी काहीच बदललं नाही तर कार्बन कमी व्हायचा सोडून थोडा वाढूही शकतो. पण त्याच अभ्यासात पुढे हेही आहे की मिलची ऊर्जा रिन्युएबल केली आणि कचरा डेपोतला मिथेन आवरला तर कागदाचा कार्बन खूप खाली येतो. पोराने पहिला भाग वाचला आणि मोबाईल खाली ठेवला असं दिसतंय.

आता हे असं उलटं का होतं, ते समजायला बल्लारशापर्यंत जावं लागेल. वर्धा नदीच्या काठची ती पेपर मिल आपल्याकडच्या लोकांना माहितीच आहे, रेल्वेने तिकडून गेलेल्यांना तर आधी वासच आठवतो. तो वास गंधकाचा. बांबूचे नाहीतर लाकडाचे बारीक तुकडे करतात, त्याला चिप्स म्हणतात, आणि ते कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये १६०-१७० डिग्रीला प्रेशरखाली शिजवतात. लाकडातले धागे लिग्निनने एकमेकांना चिकटलेले असतात, ते लिग्निन विरघळलं की धागे सुटे होतात आणि लगदा तयार होतो. पण लाकडाचा जेमतेम निम्माच भाग लगदा होतो बरं का, उरलेला निम्मा काळ्या चिकट पाण्यात जातो ज्याला ब्लॅक लिकर म्हणतात, आणि मिलवाले हे ब्लॅक लिकर फेकून देत नाहीत, आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफ मिळते, वीज मिळते, वर केमिकल्सही बरीचशी परत हाती लागतात. म्हणजे लाकडाची मिल आपलं बरंच इंधन लाकडातूनच काढते, आणि तेवढं लाकूड परत वाढत असेल तर तो धूर कार्बनच्या वहीत सहसा मोजत नाहीत. मोजावा की नाही यावर वाद आहेत, आणि आपल्याकडच्या मोठ्या मिल वरून कोळसाही जाळतातच, पण ढोबळमानाने गणित असं आहे.

रद्दीच्या मिलचं काम सोपं. धागे आधीच सुटे झालेले असतात, मोठ्या हौदात पाणी घालून रद्दी घुसळायची, पिना, प्लास्टिक, टेपचे तुकडे गाळून काढायचे, पांढरा कागद हवा असेल तर साबणासारखी केमिकल्स टाकून खालून हवेचे बुडबुडे सोडायचे, शाई बुडबुड्यांना चिकटून फेसासोबत वर येते, ती काढून टाकायची. त्यामुळे एकूण ऊर्जा कमी लागते. पण हिच्याकडे जाळायला ब्लॅक लिकर नाही! वाफ लागली की कोळसा, वीज लागली की ग्रिड, आणि आपली ग्रिड म्हणजे कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं, म्हणजे परत कोळसाच.

एक ढोबळ हिशोब करून बघा, मुलाला पण दाखवा. समजा एका मिलला टनभर तपकिरी कागदाला ४०० युनिट वीज आणि २ टन वाफ लागते. ग्रिडच्या एका युनिटमागे आपल्या देशात साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, तर झाले २८० किलो. एक टन वाफेला आपला राखवाला देशी कोळसा साधारण २०० किलो लागतो, म्हणजे दोन टनाला ४००, आणि किलोमागे दीड-एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा, झाले ६०० च्या वर. सगळं मिळून ९०० च्या आसपास. आता त्याच मिलने गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलचं धानाचं तूस नाहीतर शेतातली पऱ्हाटी बॉयलरमध्ये घातली तर ते ६०० जवळपास गायब, कारण तूस आणि पऱ्हाटी दरवर्षी परत उगवते. कागद तोच, रद्दी तीच, तुमचा गठ्ठा पण तोच. म्हणजे दोष रद्दीचा नाही, बॉयलरमध्ये काय घालतात त्याचा आहे, आणि पोराला वाद घालायचाच असेल तर त्यावर घालावा.

आणि कार्बन म्हणजे सगळं नाही हो. पाणी घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००३ मध्ये लाकडापासून कागद करणाऱ्या मोठ्या मिलना टनामागे १०० ते १४० घनमीटरची मर्यादा घातली होती, म्हणजे एका टनाला एक लाख लिटर किंवा वरच. आता चांगल्या मिल त्याच्या निम्म्यावर आल्यात, तरी रद्दीपासून तपकिरी कागद करणाऱ्या मिलला याच्या मानाने फारच थोडं पाणी लागतं. तपकिरी कागदाला ब्लीचिंगपण नाही. पूर्वी लगदा पांढरा करायला सरळ क्लोरीन वापरायचे, त्यातून डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं पाण्यात जायची. आता बरेच जण क्लोरीन डायऑक्साइड, ऑक्सिजन, पेरॉक्साइडवर आलेत, त्याने खूप फरक पडला, पण शून्य झालं असं नाही. शिवाय तुमचे पेपर कबाडीवाल्याकडे न जाता भांडेवाडीच्या कचरा डेपोत गेले असते तर ढिगाखाली हवा न लागता कुजून त्यातून मिथेन निघाला असता, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवतो. तेव्हा काकू, गठ्ठा बांधत राहा. फक्त तो कोरडा ठेवा, ओल्या रद्दीला भावही येत नाही आणि बुरशी लागली की धागेपण जातात.

प्रश्न: एक टन कागद वाचवला की १७ झाडं वाचतात असं आम्ही शाळेत दरवर्षी फळ्यावर लिहितो. हा आकडा बरोबर आहे का?
– एक शिक्षिका, मनीष नगर

उत्तर: मॅडम, हा आकडा परदेशातून आलाय आणि तो कुठल्या झाडाचा, किती जाड, कुठल्या कागदासाठी हे कोणीच सांगत नाही. आपल्याकडे तर तो फारच कमी लागू पडतो, कारण देशात जो कागद बनतो त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास आधीच रद्दीपासून बनतो, थोडा उसाच्या चिपाडापासून आणि गव्हाच्या काडापासून, आणि उरलेला लाकूड-बांबूपासून. एवढी रद्दी लागते की देशातली पुरत नाही, बाहेरून जहाजाने आणावी लागते.

लाकूडपण बहुतेक जंगलातलं नसतं. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात म्हटलं गेलं की कारखान्यांनी शक्यतो आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून उगवून घ्यावा, तेव्हापासून सुबाभूळ आणि निलगिरी बांधावर-शेतात लावली जाते, चार-पाच वर्षांत तोडतात, परत लावतात. म्हणजे पोरांच्या डोळ्यासमोर ताडोब्यातलं सागाचं झाड येत असेल तर ते चित्र चुकीचं आहे.

पण आपल्या विदर्भाची खरी गोष्ट झाडांची नाहीच, बांबूची आहे, आणि मला विचाराल तर १७ झाडांपेक्षा ती मुलांना सांगा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं पेपर मिलसाठी तोडला गेला, आणि त्याच जंगलात राहून टोपल्या, सुपं, ताटवे विणणाऱ्यांना तोच बांबू आणायला परवानगीसाठी हेलपाटे मारावे लागायचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनउपजात आला, म्हणजे गावाचा हक्क लागला, तरी पुढची काही वर्षं वनखातं वाहतूक परवाने द्यायला तयार नव्हतं, आणि शेवटी एप्रिल २०११ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः आले आणि ग्रामसभेच्या हातात परवाना पुस्तक दिलं. बांबू कोणाचा, तोडायचा कोणी, पैसे कोणाला, हे सगळं कागदाच्या पर्यावरण परिणामात धरलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, भले ते किलो आणि युनिटमध्ये बसत नसो.

प्रश्न: मॅम, मी एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी साध्या वहीची आणि रिसायकल वहीची तुलना करायचीय, एलसीए करा म्हणाले सर. सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, हिंगणा रोड

उत्तर: बाळा, एलसीए म्हणजे वस्तूच्या जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशोब, त्याची पद्धत आयएसओ १४०४० आणि १४०४४ मध्ये दिलीय, पण ते वाचायच्या आधी ठरव की तू तुलना नेमकी कशाची करतेस. बहुतेक मुलं १ किलो कागद विरुद्ध १ किलो कागद अशी करतात आणि तिथेच सगळं बिघडतं. वही किलोने वापरत नाही ना आपण, पानांनी वापरतो. म्हणून "दोन्ही बाजूंनी पेनने लिहिता येतील अशी २०० पानं" असं काहीतरी युनिट घे. कागदाचं वजन जीएसएमवर ठरतं, म्हणजे एक चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. ए-४ चा एक कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, ७५ जीएसएमचा असेल तर ४.७ ग्रॅम भरतो, ५०० कागदांची रीम २.३४ किलो. आता रिसायकल वहीचा कागद ६० जीएसएमचा आणि साध्या वहीचा ५४ चा असेल तर तुझा निकाल तिथेच दहा टक्क्यांनी हलला, मिलपर्यंत जायच्या आधीच. दुकानात जाऊन दोन्ही वह्या आण, कव्हर काढ, पानं मोज आणि किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेव, बाकी काही नाही.

दुसरं म्हणजे रद्दीला आधीच्या कागदाचं किती ओझं लावायचं. आज जी वही रिसायकल आहे तिचे धागे कधीतरी लाकूड होते, ते लाकूड तोडल्याचा, शिजवल्याचा हिशोब पहिल्या वहीवर टाकायचा की दोघींत वाटायचा? दोन्ही पद्धती चालतात, उत्तर मात्र वेगळं येतं, म्हणून दोन्हीने करून दाखव, सर खूश होतील. आणि विजेचा आकडा युरोपच्या डेटाबेसमधला घेऊ नकोस, तिथे ग्रिडमध्ये अणुऊर्जा, पाणी, वारा असं काय काय असतं, इथे कोळसा आहे, फ्री सॉफ्टवेअरमध्ये डीफॉल्ट जे असतं ते तसंच ठेवून दिलेले प्रोजेक्ट मी पाहिलेत, नागपूरची वही स्वीडनच्या विजेवर चाललेली असते. ट्रकवर फार वेळ घालवू नकोस, टनभर माल शंभर किलोमीटर न्यायला साधारण ६ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड, वरच्या उत्तरातल्या ९०० समोर काहीच नाही.

प्रश्न: आम्ही संत्री बाहेर पाठवतो. लाकडी पेटी सोडून पुठ्ठ्याच्या बॉक्सवर आलो पर्यावरणाचं नाव ऐकून, पण ट्रकमध्ये खालच्या थरातले बॉक्स दबतात आणि माल खराब होतो. बॉक्सवाला म्हणतो रिसायकल पेपर असाच असतो. मग काय फायदा?
– एक व्यापारी, कळमना

उत्तर: दादा, बॉक्सवाला अर्धंच सांगतोय. धागा प्रत्येक वेळी घुसळला-वाळवला की तुटतो, आखूड होतो, ताठर होतो, पाच-सात वेळांनंतर तो गाळात निघून जातो. आपल्याकडची देशी रद्दी बऱ्याचदा फिरून फिरून आलेली असते, म्हणून तिचा क्राफ्ट पेपर कमजोर पडतो आणि मजबुतीसाठी मिलवाले त्यात बाहेरून आलेले जुने बॉक्स मिसळतात, ज्याला धंद्यात ओसीसी म्हणतात, अमेरिकेच्या ओसीसीत पाइनसारख्या झाडांचा लांब धागा असतो. म्हणजे रिसायकल कागदातही चांगला-वाईट आहे, तुम्ही भाव विचारता तसं बीएफ किती (म्हणजे कागद फाटायच्या आधी किती दाब सोसतो), जीएसएम किती, तीन प्लाय की पाच प्लाय, म्हणजे पुठ्ठ्याला थर किती, हेपण विचारा आणि बिलावर लिहून घ्या. १६ बीएफचा पेपर लावून २२ चे पैसे घेणारे आहेत बाजारात.

बाकी बॉक्स दबण्यात पाण्याचा मोठा हात असतो, पुठ्ठा ओल धरला की त्याची ताकद भराभर उतरते, आणि धुतलेली संत्री ओली भरली, नाहीतर दव पडलेल्या सकाळी उघड्यावर थप्पी लावली तर २२ बीएफपण बसेल. आतल्या नळ्या उभ्या आहेत ना तेही बघा, आडव्या असतील तर बॉक्स वजन घेतच नाही. हवेसाठी पाडलेली भोकं कोपऱ्याजवळ नकोत. आणि पर्यावरणाचंच म्हणाल तर एक बॉक्स दबून दहा किलो संत्री फेकावी लागली तर त्या संत्र्यांवर जे पाणी, खत, डिझेल खर्च झालं ते त्या पुठ्ठ्याच्या कितीतरी पट असतं. थोडा जड बॉक्स घ्या, बिनधास्त घ्या.

प्रश्न: प्लास्टिक बंदीपासून दुकानात कागदी पिशव्या ठेवतो, गिऱ्हाईक एकदा नेऊन फेकून देतात. यात पर्यावरणाचं काही भलं होतं का?
– एक दुकानदार, सीताबर्डी

उत्तर: नाल्यात प्लास्टिक अडकत नाही, गाय खात नाही, एवढं भलं नक्की होतं, आणि २०१८ ची राज्याची बंदी मुख्यतः त्यासाठीच होती. पण कार्बनच्या बाबतीत म्हणाल तर ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये काढलेल्या अभ्यासात पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला कागदी पिशवी ३ वेळा वापरावी लागते आणि कापडी १३१ वेळा असं आलं होतं. त्यांचा देश वेगळा, कापूस वेगळा, तरी अंदाज येतो. पिशवीचे दोन रुपये घ्यायला लागा, निम्मे गिऱ्हाईक घरून थैली आणतील.

प्रश्न: रद्दीत काय टाकू नये?
– खामला, सदर, त्रिमूर्ती नगर इथून बऱ्याच जणांनी विचारलंय

उत्तर: एटीएमच्या आणि दुकानाच्या गुळगुळीत बिलाच्या पावत्या नको, त्यावर केमिकलचा थर असतो, तो रद्दीसोबत पुढच्या कागदात जातो. चहाचे कागदी कप नको, आतून प्लास्टिकचा थर असतो आणि साध्या मिलमध्ये तो सुटत नाही. लॅमिनेशन केलेल्या, चमकी लावलेल्या लग्नपत्रिका नको. तेलाचा कागद तर अजिबातच नको, तेल धाग्यात मुरलं की निघत नाही. आणि तर्री पोहे, समोसे वर्तमानपत्रात बांधून घेणं बंदच करा, रद्दीसाठी नाही, पोटासाठी, छपाईच्या शाईतले घटक गरम तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाईच आहे. टपरीवाल्याला स्वतःचा डबा द्या, तो हसेल, पण देईल.

प्रश्न: आमच्या गावाजवळ रद्दीपासून पुठ्ठा बनवणारी मिल आहे. नाल्याला तपकिरी पाणी येतं, आंबूस वास येतो, मागच्या बाजूला राखाडी गाळाचे आणि प्लास्टिकच्या चिंध्यांचे ढीग आहेत, कधीकधी रात्री काळा धूरपण दिसतो. रिसायकलिंग चांगलं म्हणता, मग हे काय?
– एक शेतकरी, नागपूर ग्रामीण

उत्तर: भाऊ, हे रिसायकलिंगचंच दुसरं टोक आहे, आणि शहरात बसून रद्दी देणाऱ्यांना ते दिसत नाही. पाण्यात स्टार्च, आखूड धागे, रंग असतात, तेच पाणी आत फिरवून फिरवून वापरलं की त्यात हवेशिवाय वाढणारे जंतू माजतात, आंबूस वास त्याचा. असं पाणी नाल्यात सोडलं तर ते कुजताना नाल्यातला ऑक्सिजन खातं, मासे मरतात. नाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे असा सर्वसाधारण नियम आहे, त्यासाठी मिलने ट्रीटमेंट प्लांट चालवायचा असतो, आणि तो चालवायला वीज लागते म्हणून काही जण तो तपासणीच्या दिवसापुरताच चालवतात. राखाडी गाळ म्हणजे धुतलेली शाई, कागदातली माती-चुना आणि तुटके धागे. चिंध्या म्हणजे आपणच रद्दीत पाठवलेलं प्लास्टिक आणि टेप. रात्रीचा काळा धूर असेल तर त्याच चिंध्या बॉयलरमध्ये जात असण्याची शक्यता आहे, ते खात्रीने इथून नाही सांगता येणार, पण विचारायला हरकत नाही.

विचारायचं कसं, तर प्रत्येक मिलकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र असतं, त्यात रोज किती पाणी सोडायचं, कुठे सोडायचं, बॉयलरमध्ये कोणतं इंधन जाळायचं, गाळ कुठे पाठवायचा हे सगळं लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात ते मागा. ते हातात आलं की तक्रारीत नुसतं "प्रदूषण होतंय" असं न लिहिता "संमतीपत्रात इंधन अमुक आहे, आम्हाला अमुक तारखेला रात्री अमुक दिसलं" असं लिहिता येतं, मग अधिकाऱ्याला टाळता येत नाही. फोटो, व्हिडिओ तारखेसकट ठेवा. बाटलीत पाणी भरून स्वतःच लॅबला नेलंत तर तुम्हाला कळेल काय आहे ते, पण कोर्टात तो नमुना टिकणार नाही, १९७४ च्या जल कायद्यात नमुना घ्यायची ठरलेली पद्धत आहे, मंडळाच्या अधिकाऱ्यानेच मिलला नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून घ्यायचा असतो. म्हणून अर्जात नमुना घ्या अशी मागणी स्पष्ट लिहा, ग्रामसभेचा ठराव जोडा, विहिरींचं पाणी बदललं असेल तर त्या शेतकऱ्यांच्या सह्या घ्या, आणि अर्जाच्या कॉपीवर तारखेचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.